हळकुंडापासून कुरकुमिनपर्यंत

हळद ही आपल्या इतक्या रोजच्या परिचयाची वस्तू आहे की, तिच्याविषयी काही नवीन सांगता येईल असे सहसा कोणाला वाटत नाही. फोडणीत हळद, लग्नात हळद, खरचटले तर हळद आणि जेजुरीला भंडारा म्हणून उधळतात तीही हळदच. परंतु अलीकडे औषधांच्या दुकानांत हळदीचे एक निराळेच रूप दिसू लागले आहे. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांशेजारी नारिंगी-पिवळ्या पुडीच्या कॅप्सुल एका डबीत असतात आणि वर 'कुरकुमिन ९५ टक्के' असे छापलेले असते. ही हळद आहे काय, असे विचारले तर 'हळदच आहे, नैसर्गिक आहे' असे उत्तर मिळते. प्रस्तुत लेखात या उत्तराचाच विचार करावयाचा आहे. माझे म्हणणे असे की, हळदीची पूड आणि हळदीचा अर्क या दोन भिन्न वस्तू आहेत आणि विकणाऱ्याने व खाणाऱ्याने, दोघांनीही त्या भिन्न समजल्या पाहिजेत. मी कला शाखेची विद्यार्थिनी असल्यामुळे रसायनशास्त्राचा माझा अभ्यास दहावीपर्यंतचाच आहे. तेव्हा विज्ञान शाखेच्या वाचकांनी सूत्रांची अपेक्षा ठेवू नये.

परभणी, हिंगोली आणि नांदेड हा आज महाराष्ट्रातील हळदीचा मोठा पट्टा आहे. हळदीसाठी प्रसिद्ध असलेले वसमत हे १ मे १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. त्या दिवशी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांचे पाणी कालव्यांनी या भागात आले आणि कोरडवाहू रानात हळदीसारखे आठ-नऊ महिने उभे राहणारे, पाणी मागणारे पीक घेता येऊ लागले. पूर्वी हळद म्हटले की सांगली हेच नाव निघत असे. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवीत; २००५ च्या महापुरात त्यांतील कित्येक पेवे खराब झाली. भौगोलिक मानांकन वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये मिळाले.

हळदीला बी धरत नाही. म्हणून गेल्या वर्षीचे गड्डे हेच यंदाचे बेणे. अक्षय्य तृतीयेपासून जूनपर्यंत लावण होते. पौष-माघात पाला पिवळा पडून लोळू लागला की पाणी तोडतात, पाला कापतात आणि जमीन जरा वाळल्यावर हळद उकरून काढतात. मग बाया रांगेने बसून गड्डे मोडतात. मोठा गड्डा वेगळा, त्याला फुटलेली बोटांसारखी हळकुंडे वेगळी. हळकुंडालाच मोंढ्यात कांडी म्हणतात. हे काम करणाऱ्या बायांच्या हातांचा रंग कित्येक दिवस जात नाही. लग्नाची हळद चार दिवसांत उतरते, मजुरीची उतरत नाही, असे आमची आजी म्हणते.

ओली हळद तशीच वाळवली तर चालत नाही काय? चालते, पण तिला वाळायला फार वेळ लागतो, रंग सगळीकडे सारखा येत नाही आणि कच्चा वास राहतो. म्हणून ती आधी शिजवतात. पूर्वी मोठ्या कढईत पाणी घालून खाली वाळला पाला व लाकूड जाळीत. आता बहुतेक ठिकाणी वाफेचे कुकर आले आहेत. कढईतील हळद तासाभरात शिजते. फेस येतो, पांढरी वाफ व एक विशिष्ट वास सुटतो आणि बाभळीची काडी हळकुंडात सहज शिरते. शिजताना होते असे की, हळकुंडातील पिष्ठ फुगून चिकट होते आणि ठिकठिकाणी साठलेला रंग सर्व गाभ्यात सारखा पसरतो. कमी शिजली तर वाळल्यावर ठिसूळ होते, जास्त शिजली तर रंग बिघडतो. नेमके कधी उतरवायचे हे ठरवणारा माणूस गावात एखादाच असतो आणि त्या आठवड्यात त्याचा मान सरपंचापेक्षा जास्त असतो.

त्यानंतर दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवण. हा खरा काळजीचा काळ, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे अवकाळी पाऊस हटकून येतो. आभाळ आले की घरातील लहानथोर ताडपत्री घेऊन खळ्याकडे धावतात. शिजवलेली हळद भिजली तर बुरशी येते, रंग मळका होतो आणि आठ-नऊ महिन्यांच्या मेहनतीचा भाव अर्ध्या तासात पडतो. चांगली वाळलेली हळद मोडली की टणकन धातूसारखा आवाज येतो. शेवटी ती लोखंडी पिंपात फिरवून वरची साल व मुळ्या काढतात, त्याला पॉलिश म्हणतात. शंभर किलो ओल्या हळदीची अशी वीस ते पंचवीस किलो सुकी हळद होते.

रंग मळका झाला म्हणजे काय अनर्थ होऊ शकतो, याचे एक उदाहरण येथेच सांगून टाकते. बांगलादेशात १९८० च्या दशकात एका पुरानंतर हळद ओली राहिली व काळवंडली. तिला पिवळेपणा यावा म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट हा शिशाचा रंग चोळण्याची पद्धत पडली आणि पूर ओसरला तरी पद्धत राहिली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व ढाक्याच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हे उजेडात आणले. शिसे मेंदूला, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला, कायमची इजा करते. तेथील शासनाने छापे घातले, लोकांना सावध केले आणि २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत सापडणारे शिसे २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडले नाही. गिऱ्हाईक डोळ्यांनी हळद निवडते म्हणून हे सर्व घडले. हळदीचा खरा गुण डोळ्यांना दिसत नाही.

हा गुण म्हणजे कुरकुमिन. १८१५ मध्ये फोगेल आणि पेलेतिए या दोघांनी हळदीतून हा पिवळा पदार्थ प्रथम वेगळा काढला. त्याची रचना कळण्यास मात्र १९१० साल उजाडले. सुक्या हळदीत तो आणि त्याचे दोन जवळचे भाऊबंद मिळून साधारण तीन ते पाच टक्के असतात. जात, जमीन, काढणीची वेळ यांप्रमाणे हे प्रमाण बदलते. उरलेल्या हळदीत मुख्यतः पिष्ठ, तंतू, थोडे पाणी आणि सुगंधी तेल असते. म्हणजे आपण जिला हळद म्हणतो तिच्यात शंभरातील पंचाण्णव भाग कुरकुमिन नसतेच.

कुरकुमिनचे काही गुण आपल्याला न शिकताच माहीत असतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण तेलात उतरते. म्हणून हळद फोडणीत घालायची असते. क्षाराशी गाठ पडली की ते लाल होते. पातळ भाजी सांडलेल्या सदऱ्याला साबण लावला की डाग लाल दिसतो तो यामुळे. हळदीला चुना व टाकणखार देऊन जुन्या पद्धतीने कुंकू करतात तेही याच गुणावर. सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव त्या कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. आणि कुरकुमिनला ऊन सोसत नाही. तो सदरा धुऊन कडक उन्हात टाकला की डाग आपोआप जातो. कारखान्यात मोठ्या खर्चाने ज्या अडचणी सोडवतात त्या सर्व या एका सदऱ्यात आहेत, असे मला वाटते.

आता अर्क कसा काढतात ते पाहू. सुकी हळद दळून पोलादी टाक्यांत भरतात आणि तीतून ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट किंवा अल्कोहोलसारखा द्रावक पदार्थ सोडतात. पाण्यात न उतरणारा रंग व तेल द्रावकात उतरते, पिष्ठ व चोथा मागे राहतो. मग हवेचा दाब कमी करून, थोड्या उष्णतेवर, द्रावक उडवून लावतात. तो थंड करून पुन्हा वापरतात. खाली राहतो तो गडद नारिंगी-तपकिरी, मधासारखा दाट पदार्थ. त्याला ओलिओरेझिन म्हणतात. लोणची, सॉस वगैरे तयार करणारे कारखाने बऱ्याचदा यावरच थांबतात, कारण रंगाबरोबर त्यांना वासही हवा असतो. याच्याही पुढे जायचे तर हा दाट पदार्थ अल्कोहोलमध्ये घेऊन थंड करतात. कुरकुमिनचे स्फटिक खाली बसतात आणि तेल वर राहते. स्फटिक गाळून, धुऊन, वाळवून दळले की ९५ टक्क्यांची पूड तयार. द्रावकाचा अंश उरला नाही ना, हे तपासणे हा या धंद्यातील मोठा भाग आहे. शिवाय ॲसिटोन व अल्कोहोल पेट घेणारे असल्यामुळे हा उद्योग घराच्या पडवीत करण्याजोगा नाही. मसाल्यांच्या अर्कांचे कारखाने केरळात कोचीच्या परिसरात वाढले. तेथील सिंथाइट ही कंपनी १९७२ मध्ये निघाली. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, हा केवळ योगायोग.

ग्रीन टीच्या अर्काशी ताडून पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. चहाचे कोवळे पान खुडल्यावर ते काळे पडू नये म्हणून जपानात वाफवतात, चीनमध्ये कढईत परततात. हळदीप्रमाणेच येथेही आधी उष्णता द्यावी लागते, कारण मात्र वेगळे. चहातील कॅटेचिन नावाची द्रव्ये गरम पाण्यात उतरतात, म्हणून तो अर्क मुख्यतः पाण्यानेच काढतात, आटवतात आणि गरम हवेत फवारून त्याची भुकटी करतात. म्हणजे चहाचा अर्क ही निदान आपण कपात करतो त्याच क्रियेची वाढवलेली आवृत्ती आहे. हळदीच्या अर्काला मात्र आपल्या स्वयंपाकघरात जोडीदार नाही.

थोडे गणित करू. एक क्विंटल ओल्या हळदीची वीस किलो सुकी हळद झाली आणि तीत चार टक्के कुरकुमिन असले, तर सर्व मिळून आठशे ग्रॅम. काढताना काही वाया जाणारच. एक टन सुकी हळद तीन टक्क्यांची असेल तर तीस किलो आणि पाच टक्क्यांची असेल तर पन्नास किलो कुरकुमिन देईल. कारखानदाराच्या दृष्टीने या दोन टनांच्या किमतीत किती अंतर आहे! परंतु मोंढ्यात लिलाव, ज्याला आपण बीट म्हणतो, तो मी पाहिला आहे. व्यापारी ढिगातून कांडी उचलतो, मोडतो, आवाज ऐकतो, रंग पाहतो आणि बोली लावतो. त्याची नजर तयार असते हे कबूल. पण तीन आणि पाच टक्क्यांतील फरक नजरेला कळत नाही आणि पॉलिशने कुरकुमिन वाढत नाही. शेतकऱ्याने टक्केवारी तपासून घेतली नाही तर त्याची पाच टक्क्यांची हळद तीनच्या भावाने जाईल आणि त्याला ते कधी कळणारही नाही. एकट्याने हे करणे अवघड आहे. दहा-वीस शेतकऱ्यांनी किंवा एखाद्या उत्पादक कंपनीने एका जातीची हळद एकत्र करून तपासणीचा दाखला काढला तर बोलता येईल. २०२२ मध्ये वसमतसाठी हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झाले आणि १४ जानेवारी २०२५ रोजी निजामाबाद येथे राष्ट्रीय हळद मंडळाचे उद्घाटन झाले. त्यांच्याकडून मला तरी पहिली अपेक्षा आहे ती अशा तपासणीचीच. २०२३-२४ मध्ये भारताने सुमारे १.६२ लाख टन हळद व हळदीचे पदार्थ निर्यात केले आणि त्यांचे सुमारे २२.६५ कोटी डॉलर आले. भागाकार केला तर किलोला सरासरी एक डॉलर चाळीस सेंट पडतात.

अर्काचा सर्वांत जुना आणि निर्विवाद उपयोग रंगाचा आहे. लोणी, चीज, आइस्क्रीम, मोहरीचा सॉस यांना पिवळेपणा आणण्यासाठी तो वापरतात; युरोपात त्याला ई-१०० हा क्रमांक आहे. हा रंग म्हणून रोज, आयुष्यभर खाल्ला तरी चालेल असे प्रमाण आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे तीन मिलिग्रॅमपर्यंत ठरवले आहे. पन्नास किलोच्या माणसाला ते दीडशे मिलिग्रॅम होते.

औषध म्हणून मात्र निर्णय इतका सोपा नाही. काचेच्या नळीत कुरकुमिन पुष्कळ गोष्टी करून दाखवते, पण खाल्ल्यावर त्यातले फारच थोडे रक्तात पोहोचते. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी दाखवले की, मिऱ्यातील पायपरिन बरोबर दिले तर माणसाच्या रक्तात कुरकुमिन वीसपट उतरते. तेव्हापासून बऱ्याच कॅप्सुलांत मिऱ्याचा अर्कही घालतात. गुडघेदुखीवर काही प्रयोगांत थोडा उतार दिसला आहे; परंतु जाहिरातीत जेवढ्या रोगांची नावे असतात तेवढ्यांसाठी खात्रीचा पुरावा नाही. 'पी हळद आणि हो गोरी' ही आपली म्हण या जाहिराती लिहिणाऱ्यांनी ऐकलेली दिसत नाही.

येथे कोणी म्हणेल की, हळदीचे गुण आपल्या पूर्वजांनी केव्हाच ओळखले होते, प्रत्यक्ष अमेरिकेने ते मान्य केले. ही गोष्ट खरी आहे आणि अभिमानाची आहे. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून आणण्याच्या उपयोगावर अमेरिकेत पेटंट मिळाले, क्रमांक ५४०१५०४. अर्ज करणारे दोघेही शास्त्रज्ञ भारतीय वंशाचे होते. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्याला आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. ही गोष्ट आम्हाला घरोघर माहीत आहे, एवढे सांगून तेथे भागणारे नव्हते. कागद हवा होता. परिषदेने संस्कृत, उर्दू, हिंदी वगैरे भाषांतील बत्तीस संदर्भ काढले. त्यांत १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने पेटंटाचे दावे रद्द केले. पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभारण्याचे काम २००१ पासून सुरू झाले, त्यामागे हा अनुभव होता. ज्या घरांत लिहिणे-वाचणे माझ्या पिढीत आले अशा घरांतील आज्यांचे ज्ञान या बत्तीस कागदांत कितपत आले असेल, हा प्रश्न मला पडतो. तो निराळ्या लेखाचा विषय आहे.

पण त्या बत्तीस कागदांनी सिद्ध केले ते काय? हळदीची पूड जखमेवर लावण्याची आणि पोटात घेण्याची आपली वहिवाट जुनी आहे, एवढेच. ९५ टक्क्यांची पूड मिऱ्याच्या अर्कासह महिनोन्महिने रोज घेण्याची वहिवाट आपल्याकडे कधीही नव्हती. मग पूर्वजांचा दाखला या डबीवर कसा चालेल? पाचशे मिलिग्रॅमच्या एका कॅप्सुलमध्ये सुमारे ४७५ मिलिग्रॅम कुरकुमिन असते. तीन टक्क्यांच्या हळदीतून तेवढे मिळवायचे तर जवळजवळ सोळा ग्रॅम पूड, म्हणजे चहाचे पाच चमचे हळद, एका माणसाने एका वेळी खावी लागेल. तेवढ्या हळदीत आमच्या घरची भाजी आठवडाभर होते.

या प्रमाणाचा परिणाम काही थोड्या लोकांच्या यकृतावर होतो, हे आता नोंदले गेले आहे. इटलीत २०१९ मध्ये हळदीची पूरके घेणाऱ्यांत काविळीची अनेक प्रकरणे आढळली आणि तेथील आरोग्य मंत्रालयाने डब्यांवर इशारा छापण्यास सांगितले. अमेरिकेतील औषधजन्य यकृत-विकारांच्या अभ्यासगटाने २०२२ मध्ये दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पाच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक दगावला. सात डब्यांतील माल तपासला तेव्हा सगळ्यांत हळद निघाली, तिघांत मिरेही. दहापैकी सात रुग्णांत एचएलए-बी ३५:०१ ही जनुकीय खूण सापडली. विशेष म्हणजे ग्रीन टीच्या अर्काने ज्यांचे यकृत बिघडले त्यांच्यातही हीच खूण पुष्कळदा आढळली होती. चहाच्या बाबतीत युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितले की, कपातला चहा सामान्यतः सुरक्षित आहे, पण अर्काच्या गोळ्यांतून त्यातील ईजीसीजी हे मुख्य कॅटेचिन रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक गेले तर यकृताला इजा होण्याची चिन्हे रक्तात दिसतात. पेय तेच, पान तेच, पण अर्काला नियम निराळा. असा आजार होणारे लोक थोडे आहेत आणि वरणातल्या हळदीला यात कोणी दोषी धरलेले नाही. तथापि आपल्या अंगी ती खूण आहे की नाही हे कोणालाच माहीत नसते.

पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी या कॅप्सुल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. घेणाऱ्या कोणाचेही डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली तर कॅप्सुल ताबडतोब थांबवून रक्त तपासून घ्यावे. 'आणखी कोणते औषध चालू आहे काय' असे डॉक्टर विचारतात तेव्हा आपल्याकडची वडीलधारी माणसे हळदीच्या कॅप्सुलचे नाव घेत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ती हळद असते. बरोबर गेलेल्याने ते सांगावे. शक्य तर डबीच नेऊन दाखवावी, कारण प्रमाण आणि मिऱ्याचा अर्क आहे की नाही हे तिच्यावर छापलेले असते.